बारा खांबांवर बारा राशी

क्रोशाचं मंडल विणायला बसलं की हात आपोआप चालतो. अडतं ते रंगांपाशी. समोर लोकरीच्या गुंड्यांची भिंत आणि मनात एकच घोळ, मेषेला कोणता घ्यावा नि मीनेला कोणता? रुखवतात मांडायला, बारशाला द्यायला किंवा स्वतःच्याच भिंतीवर लावायला राशींचं मंडल करायचं असेल, तर रंग नुसता ‘छान दिसतो’ म्हणून उचलू नका. त्याच्या पाठीशी एखादी गोष्ट असू द्या. अशा गोष्टी ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात सापडतात, स्वयंपाकघरातल्या डब्यांत सापडतात, पॅरिसच्या कारखान्यात आणि रात्रीच्या आकाशातही सापडतात. राशी बारा, म्हणून गमतीही बाराच निवडल्या आहेत.

१. पहिल्याच फेरीत बारा राशी हजर

खांबांचं सपाट वर्तुळ विणायचं तर सुरुवात बहुतेकदा बारा खांबांनी होते. पहिल्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब आणि पुढे अकरा. म्हणजे रंग ठरायच्या आधीच बारा राशी आपापल्या जागी बसलेल्या असतात! आता जरा कर्नाटकात शृंगेरीला चला. तुंगा नदीच्या काठी चौदाव्या शतकातलं विद्याशंकर मंदिर आहे. त्याच्या मंडपात बारा राशींचे बारा खांब उभे आहेत. सूर्य ज्या राशीत असेल त्या राशीच्या खांबावर सकाळचं ऊन पडतं, अशी तिथली ख्याती. शिल्पकाराने दगडात उभे केलेले बारा खांब आपण लोकरीत उभे करतो. दोन्हीकडे शब्दही तोच, खांब.

२. बाराचा हिशेब चुकला तर?

दुसऱ्या फेरीत २४ खांब, तिसरीत ३६, चौथीत ४८. दर फेरीला बारा वाढवले की काम सपाट राहतं. कमी वाढवले तर वाटी होते, आणखी कमी केले तर टोपी. जास्त वाढवले की कडेला झालर सुटते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ साली याच झालरीचा उपयोग केला. टाके मुद्दाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन त्यांनी क्रोशाने ‘हायपरबोलिक’ पृष्ठभाग विणून दाखवला. कागदावर समजायला अवघड असलेली भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात आली. तेव्हा तुमचं मंडल दुमडायला लागलं तर रंगाला दोष देऊ नका, आधी खांब मोजा.

३. रास कुठली, चंद्राची की सूर्याची?

भेट द्यायची असेल तर लोकर घेण्याआधी एक प्रश्न विचाराच. मराठी घरात ‘तुमची रास कोणती’ असं विचारलं की उत्तर येतं ते चंद्रराशीचं. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता, ती पत्रिकेतली रास. पाश्चात्त्य पद्धतीत मात्र वाढदिवसाच्या तारखेवरून सूर्यरास सांगतात. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, सूर्य महिनाभर. शिवाय आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या जागेवरून राशी मोजणारं, तर त्यांचं गणित सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजणारं. दोघांत आज सुमारे २४ अंशांची तफावत आहे. म्हणून एकाच माणसाची रास परदेशी पुस्तकात सिंह आणि आजीने जपून ठेवलेल्या पत्रिकेत मीन असू शकते. दोन्ही कळल्या तर फारच छान. एक मधोमध घ्या आणि दुसरी काठाला.

४. राशी बारा, मालक सात

लोकरीवर फार खर्च करायचा नसेल तर ही युक्ती तुमच्यासाठी. बारा राशींचे स्वामी मिळून सातच आहेत. सिंहेचा रवी आणि कर्केचा चंद्र यांना एकेक रास. मंगळाकडे मेष आणि वृश्चिक, शुक्राकडे वृषभ आणि तूळ, बुधाकडे मिथुन आणि कन्या, गुरूकडे धनु आणि मीन, शनीकडे मकर आणि कुंभ. म्हणजे सात रंगांत अख्खं मंडल!

यातली खरी मजा मांडणीत आहे. कर्क आणि सिंह यांच्या मधून एक रेघ ओढा. तिच्या एका बाजूला मिथुन, वृषभ, मेष, मीन, कुंभ आणि दुसऱ्या बाजूला कन्या, तूळ, वृश्चिक, धनु, मकर. दोन्हीकडे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हाच क्रम! स्वामींचे रंग भरले की कर्क-सिंहेची जोडी सोडून बाकीचं मंडल आपोआप आरशात पाहिल्यासारखं सममित होतं. नक्षी वेगळी बेतायला नकोच.

रंग जुळवायला स्वयंपाकघरात जा. नवग्रहांची धान्यं ठरलेली आहेत. रवीचा गहू, चंद्राचे तांदूळ, मंगळाची तूर, बुधाचे मूग, गुरूचे हरभरे, शनीचे काळे तीळ. शुक्राचं धान्य प्रांताप्रमाणे बदलतं, कुठे वाल तर कुठे चवळी, पण रंग पांढुरकाच. ही धान्यं चिमूटभर पुडीत बांधून दुकानात न्या, मुगाशेजारी हिरवी लोकर धरा आणि तुरीशेजारी तांबूस. यापेक्षा घरगुती शेड कार्ड दुसरं नाही.

एक अडचण उरते. चंद्र पांढरा, शुक्रही पांढरा. रवी लाल, मंगळही लाल. ती अडचण रत्नं सोडवतात. चंद्राचा मोती म्हणून कर्केला मोतिया. शुक्राचा हिरा म्हणून वृषभ-तुळेला लखलखीत शुभ्र. रवीचं माणिक म्हणून सिंहेला गडद किरमिजी, आणि मंगळाचं पोवळं म्हणून मेष-वृश्चिकेला नारिंगीकडे झुकणारा लाल.

मकरेला काळा घ्यायचा की नाही, असा विचार पडला तर संक्रांत आठवा. सूर्य शनीच्या मकर राशीत येतो, त्या दिवशी आपण शनीचंच धान्य असलेले तीळ वाटतो आणि एरवी सणाला वर्ज्य असलेली काळी साडी हौसेने नेसतो. थंडीत काळा रंग ऊब धरतो, हे कारण घरोघरी सांगितलं जातं. मकरेच्या काळ्या लोकरीला याहून चांगला आधार कोणता?

५. वराहमिहिरांची रंगयादी

सहाव्या शतकातले ज्योतिर्विद वराहमिहिर यांच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथात बारा राशींचे बारा रंग दिलेले आहेत. लोकरीच्या दुकानात न्यायला अगदी तयार यादी! मेष लाल. वृषभ पांढरी. मिथुन पोपटी. कर्क पाटल, म्हणजे फिकट गुलाबी. सिंह धुरकट पांढरी. कन्या चित्रविचित्र, अनेकरंगी. तूळ काळी. वृश्चिक सोनेरी. धनु पिंगट. मकर कबरी. कुंभ मुंगसासारखी तपकिरी. आणि मीन स्वच्छ, नितळ.

यादी वाचताना दोन गोष्टींनी मला फार आनंद होतो. एक म्हणजे तिच्यात कन्या अनेकरंगी आणि मकर कबरी आहे. आज दुकानात शेडेड लोकर मिळते, एकाच गुंड्यात रंग बदलत जाणारी. ती या दोन राशींसाठीच बनवली आहे असं वाटावं. दुसरं म्हणजे ही यादी आणि स्वामींचे रंग जुळत नाहीत. शुक्राची तूळ इथे काळी आहे, मंगळाची वृश्चिक सोनेरी. म्हणजे परंपरेतच एकापेक्षा जास्त शेड कार्डं आहेत. ‘अमुक राशीला हाच रंग’ असं कोणी ठामपणे सांगितलं तर खुशाल वराहमिहिरांचं नाव घ्या आणि आपल्या आवडीचं कार्ड निवडा.

६. रंगचक्रातला नवपंचम

स्विस चित्रकार योहानेस इटेन जर्मनीतल्या प्रसिद्ध बाउहाउस कलाशाळेत शिकवत. १९६१ साली आलेल्या त्यांच्या रंगकलेवरच्या पुस्तकातलं रंगचक्र आजही कलाशाळांमध्ये शिकवतात. त्या चक्रात रंग किती? बारा! तीन मूळ, तीन त्यांच्या मिश्रणाचे आणि सहा मधले.

आता मेषेला लाल द्या आणि चक्राच्या क्रमाने पुढे चला. मेष लाल, वृषभ तांबूस नारिंगी, मिथुन नारिंगी, कर्क पिवळसर नारिंगी, सिंह पिवळी, कन्या पोपटी, तूळ हिरवी, वृश्चिक मोरपंखी, धनु निळी, मकर निळसर जांभळी, कुंभ जांभळी, मीन राणी रंगाची.

आणि बघा काय होतं ते. मेष, सिंह, धनु या अग्नितत्त्वाच्या तीन राशी. त्यांच्या वाट्याला आले लाल, पिवळा, निळा, म्हणजे नेमके तीन मूळ रंग! मिथुन, तूळ, कुंभ या वायुतत्त्वाच्या राशी. त्यांना नारिंगी, हिरवा, जांभळा, म्हणजे मूळ रंगांच्या मिश्रणातून होणारे तीन रंग. एकमेकींपासून पाचव्या आणि नवव्या असलेल्या राशींच्या नात्याला आपण नवपंचम म्हणतो आणि ते शुभ मानतो. रंगचक्रातही असे समान अंतरावरचे तीन रंग एकत्र छान नांदतात. सातवी रास समोरची असते, आणि चक्रात समोरचा रंग म्हणजे विरोधी रंग. मेषेचा लाल आणि तुळेचा हिरवा शेजारी विणा, दोन्ही उठून दिसतील. ज्यांना झळाळतं, सणासुदीचं मंडल हवं आहे त्यांनी ही रचना घ्यावी.

७. पॅरिसमधला ‘खराब’ काळा धागा

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा भिंतीवरची विणलेली चित्रं तयार करणारा नामांकित कारखाना आहे. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांना तिथल्या रंगकामाचे प्रमुख नेमलं. तक्रार आली की काळा धागा हवा तसा गडद दिसत नाही. शेव्हरल यांनी तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती. तो धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता आणि त्या शेजारामुळे फिका भासत होता. या शोधातून त्यांनी १८३९ साली रंगांच्या परस्पर परिणामावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अनेक चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला.

क्रोशा करणाऱ्या प्रत्येकीने हा धडा मनावर कोरून ठेवावा. रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो. तोच करडा काळ्याजवळ उजळ वाटतो आणि पांढऱ्याजवळ मळकट. म्हणून गुंडे एकेक करून पसंत करू नका. ज्या क्रमाने विणणार त्याच क्रमाने काउंटरवर ओळीत मांडा आणि मग ठरवा.

जाता जाता आणखी एक गंमत. शेव्हरल यांच्या रंगचक्रात ७२ रंग होते, म्हणजे प्रत्येक राशीला सहा छटा! आणि आयफेल टॉवरवर ज्या शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावं कोरली आहेत त्यांत शेव्हरल आहेत. ती नावंही ७२ आहेत. ते स्वतः १०२ वर्षं जगले.

८. आकाशाने आधीच रंगवून ठेवलंय

ग्रंथ नको, चक्र नको, असं वाटत असेल तर गच्चीवर जा. वृषभेतली रोहिणी केशरी दिसते आणि तिच्या नावातच तांबूसपणा आहे. वृश्चिकेतली ज्येष्ठा इतकी लाल की ग्रीकांनी तिला मंगळाची प्रतिस्पर्धी म्हणून ‘अँटारेस’ हे नाव दिलं. सिंहेतली मघा आणि कन्येतली चित्रा निळसर पांढऱ्या. मिथुनेतल्या पुनर्वसूच्या जोडीत एक तारा पांढरा, दुसरा नारिंगी, म्हणजे मिथुनेला दोन रंगांचा धागा एकत्र घ्यायला छान निमित्त.

आपण लालला उष्ण आणि निळ्याला थंड रंग म्हणतो. ताऱ्यांत उलट असतं. लाल ज्येष्ठेच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३,५०० केल्विन, तर निळसर चित्रेचं २०,००० केल्विनहून जास्त. गडद निळ्या लोकरीच्या पार्श्वभूमीवर हे मोजके रंग विणले तर खऱ्या रात्रीचं मंडल तयार होईल.

९. नववी फेरी म्हणजे जपमाळ

ही गंमत माझ्या सर्वांत आवडीची. दर फेरीला बारा खांब वाढत गेले की नवव्या फेरीत किती होतात? नऊ गुणिले बारा, १०८! जपमाळेच्या मण्यांइतके. ज्योतिषातही नक्षत्रं २७ आणि प्रत्येकाचे चरण चार, असे एकूण १०८ चरण. ते बारा राशींत वाटले की प्रत्येक राशीला नऊ. मेषेत अश्विनीचे चार, भरणीचे चार आणि कृत्तिकेचा पहिला एक. तुमच्या नवव्या फेरीतही मेषेच्या वाट्याला बरोबर नऊ खांब येतात.

तेव्हा ही फेरी साधी सोडू नका. दर चार खांबांनी रंग बदला, २७ नक्षत्रं तयार. किंवा सगळी फेरी एकाच शांत रंगात ठेवा आणि ज्याला मंडल द्यायचं त्याच्या जन्मनक्षत्राचे चार खांब तेवढे सोनेरी करा. बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, पण ज्याला सांगाल तो आयुष्यभर ते चार खांब शोधत राहील.

१०. मेषेला चिमूट, मीनेला गुंडा

एका फेरीला एक रास अशी रचना केलीत तर सगळ्या रंगांची सारखी लोकर घेऊ नका. पहिल्या फेरीत बारा खांब, बाराव्या फेरीत १४४. म्हणजे आतल्या मेषेपेक्षा बाहेरच्या मीनेला बारा पट धागा लागणार. बारा फेऱ्यांत मिळून ९३६ खांब होतात आणि त्यांतले ६८४ बाहेरच्या सहा फेऱ्यांत असतात, जवळपास तीन चतुर्थांश. उरलीसुरली लोकर आत वापरा, नवी बाहेर.

उलट, रांगोळीतल्या पाकळ्यांसारखे बारा भाग पाडलेत तर प्रत्येक राशीला सारखेच ७८ खांब येतात. तेव्हा सगळे गुंडे सारखे घ्या. या रचनेत दर फेरीला बारा वेळा धागा बदलतो आणि टोकं लपवायची राहतात, हे मात्र मनात धरून बसा.

आणि गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच शेड नंबरची छटा वेगवेगळ्या वेळी रंगवली की किंचित बदलते. बाहेरच्या मोठ्या फेरीत अर्ध्यावर लोकर संपली आणि दुसऱ्या लॉटची जोडली, तर तो सांधा कायम डोळ्यांत खुपतो. बाहेरच्या रंगाचा एक गुंडा जास्तीचा घ्याच.

११. साडीसारखी लोकरही दारात न्या

साडी घेताना आपण ती दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन बघतो. हा अगदी शास्त्रीय शहाणपणा आहे. दोन धागे ट्यूबलाइटखाली हुबेहूब सारखे दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात, कारण दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग सूर्यप्रकाशाच्या प्रमाणात नसतात. लोकरीलाही हाच न्याय लावा.

मंडल कुठे लावणार तेही बघा. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलं की संध्याकाळी उजेड कमी झाला की लाल रंग काळवंडतो आणि निळा उजळ दिसतो. मंद दिव्याच्या देवघरापाशी लावायचं असेल तर मेषेचा लाल दोन छटा उजळ घ्या.

शेवटची परीक्षा मोबाइलवर. गुंडे ओळीत मांडून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. शेजारचे दोन रंग एकाच करड्यात मिसळले तर लांबून नक्षी दिसणार नाही. त्यातला एक उजळ करा किंवा गडद.

१२. तेरावा पाहुणा

सूर्याच्या वाटेवर प्रत्यक्षात तेरा तारकासमूह लागतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्य भुजंगधारी या समूहातून जातो. राशी म्हणजे प्रत्येकी ३० अंशांचे सारखे बारा भाग. तारकासमूह मात्र लहानमोठे असतात, म्हणून हा फरक पडतो. या पाहुण्याला मंडलात जागा द्यायची असेल तर सगळ्यांना कवेत घेणारा तेरावा रंग काठाला वापरा. बाराही रंगांशी जमवून घेणारा मोतिया, करडा किंवा गडद निळा तिथे शोभतो.

आता तुमच्यापुढे स्वामींचे सात रंग आहेत, वराहमिहिरांचे बारा आहेत, रंगचक्राचे बारा आहेत आणि आकाशाचेही आहेत. त्यांतलं एक कार्ड निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा, सरमिसळ करू नका. मंडल पूर्ण झालं की एका चिठ्ठीवर लिहा, कोणत्या राशीला कोणता रंग दिला आणि का. ती चिठ्ठी मंडलाच्या मागे टाचा. वर्षानुवर्षांनी लोकर थोडी फिकी होईल, पण तुमची नात ती चिठ्ठी वाचेल तेव्हा तिला प्रत्येक खांबामागचं कारण कळेल. म्हणून आज सुई हातात घ्या, तीन साखळ्या घाला आणि बारा खांब उभे करा.